ऑप्टिकल केबल लावली. पिक्चरला सगळे स्पीकर वाजतात, गेमला दोनच. असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डला मागे ऑप्टिकल आउटपुट आहे आणि तिथून केबल थेट ५.१ च्या रिसीव्हरला, म्हणजे पाच स्पीकर आणि बासचा सबवूफर चालवणाऱ्या यंत्राला, जोडली आहे. डीव्हीडीचा पिक्चर लावला की पाचही स्पीकर आणि सबवूफर वाजतात. गेम सुरू केला की पुढचे दोनच वाजतात, मागचे आणि मधला गप्प. दुकानदाराने केबल हलकी असल्याचं सांगून सोनेरी पिनांची महागातली दाखवली आहे. ती घ्यावी का?

घेऊ नका. तुमची केबल ठणठणीत आहे. ऑप्टिकल केबलमधून जातो तो लाल उजेड. तो नीट पोचला नाही तर आवाज तुटतो, टकटक होते किंवा सगळंच बंद पडतं. फक्त मागचे दोन स्पीकर निवडून गप्प करणं कुठल्याही खराब केबलला जमणार नाही. आणि जिथून वीज वाहतच नाही तिथे सोन्याचा मुलामा काय करणार? पुण्यात घरोघरी या सिस्टीम बसवायला लागून मला बावीस वर्षं झाली. या एका प्रश्नावर लोकांचे जितके पैसे फुकट जाताना पाहिले तितके दुसऱ्या कशावरही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, सीडी प्लेअरसाठी. टॉसलिंक हे नाव तिथूनच आलं. सीडी म्हणजे डावा आणि उजवा, दोनच चॅनेल. त्यामुळे ही वाट मुळात दोन चॅनेलच्या कच्च्या, म्हणजे न दाबलेल्या, आवाजाला पुरेल एवढीच रुंद ठेवलेली आहे. हिशेब करून बघा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, चॅनेल दोन. सेकंदाला सुमारे १५ लाख बिट झाले. सहा चॅनेल कच्चेच पाठवायचे तर त्याच्या तिप्पट, म्हणजे ४६ लाखांच्या घरात. ऑप्टिकलच्या ठरलेल्या पद्धतीत सहा चॅनेल कच्चे पाठवायची सोयच नाही.

मग पिक्चरला सहाही कसे वाजले? कारण डीव्हीडीवर ते सहा चॅनेल आधीच दाबून, घडी घालून ठेवलेले असतात. डीव्हीडीवरची डॉल्बी डिजिटल ही दाबायची पद्धत सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिट घेते, डीटीएस ही दुसरी पद्धत पंधरा लाखांच्या आसपास. दोन्ही दोन चॅनेलच्या वाटेत बसतात. तुमचा प्लेअर ते गाठोडं न उघडता जसंच्या तसं रिसीव्हरकडे पाठवतो आणि रिसीव्हर ते उघडतो.

गेमचं तसं नाही. तिथला आवाज आधी कुणी भरून ठेवलेला नसतो. तुम्ही वळलात की मागची गोळी डावीकडे जाते, तो आवाज त्या क्षणी तयार होतो आणि कच्चाच असतो. त्याची घडी घालायला वाटेत कुणी बसलेलं नाही. विंडोजला ठाऊक असतं की ऑप्टिकलवर कच्चे चॅनेल दोनच जातील, म्हणून ती गेमला सांगते की समोर दोनच स्पीकर आहेत. गेम दोनच चॅनेल बनवतो. मागचे स्पीकर मुके राहतात ते यामुळे.

यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे घडी घालणारा माणूस बसवणं. काही मदरबोर्डांच्या रिअलटेक साउंडला आणि काही वेगळ्या साउंड कार्डांना डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट नावाची सोय असते. ती संगणकातून निघणारा सगळा आवाज त्याच क्षणी डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबून ऑप्टिकलवर सोडते. तुमच्याकडे ती आहे का हे बघायला विंडोजच्या साउंडमध्ये डिजिटल आउटपुटच्या प्रॉपर्टीज उघडा. अॅडव्हान्स्डमध्ये नमुन्यांचा दर निवडायची यादी असते, तिच्यात ही नावं (डीटीएसचं तिथे ‘डीटीएस इंटरॅक्टिव्ह’ असं) दिसतात का पाहा. दिसली तर निवडा, काम झालं. नसतील तर त्यांच्यामागे फार लागू नका, कारण परवान्याचे पैसे वाचवायला बरेच उत्पादक ती देत नाहीत. शिवाय घडी घालून उघडण्यात थोडा वेळ जातो. पिक्चरला तो सांभाळून घेता येतो, गेममध्ये बंदुकीचा चाप आणि आवाज यांच्यातलं अंतर जाणवतं.

दुसरा उपाय म्हणजे एचडीएमआय, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हाच योग्य आहे. २००२ मधल्या पहिल्या एचडीएमआयपासून त्या केबलमधून आठ चॅनेल कच्चे जाऊ शकतात. तुमच्या ग्राफिक्स कार्डवर एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि मॉनिटर एचडीएमआयवर आहे. मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर घ्या. मोकळं झालेलं एचडीएमआय रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला द्या. मॉनिटरची केबल रिसीव्हरमधून फिरवून नेता येते, पण मी तसं करत नाही. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. जुन्या रिसीव्हरमधून चित्र नेलं की त्याला जितकं झेपतं तितकंच मॉनिटरला मिळतं.

आधी एवढं तपासा, की रिसीव्हर एचडीएमआयवरचा आवाज घेतो का. सुरुवातीच्या काही स्वस्त रिसीव्हरमध्ये एचडीएमआय फक्त चित्र इकडून तिकडे न्यायला होतं, आवाजाशी त्याचा संबंध नव्हता. माहितीपुस्तिकेत ‘मल्टिचॅनेल पीसीएम’, म्हणजे अनेक कच्चे चॅनेल, हे शब्द असतील तर निर्धास्त राहा.

आता जोडणी. रिसीव्हर आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा, मगच विंडोजकडे वळा. रिसीव्हर बंद असेल तर संगणकाला तो दिसतच नाही आणि लोक उगीच ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. साउंड सेटिंग्जमध्ये खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे, किंवा रन बॉक्समध्ये एमएमसिस डॉट सीपीएल टाइप केलं की तीच जुनी खिडकी उघडते. प्लेबॅकच्या यादीत रिसीव्हरचं नाव येईल. त्याच्यावर क्लिक करून कॉन्फिगर दाबा. इथे ‘स्टीरिओ’ निवडलेलं असतं. विंडोज बहुतेक वेळा स्वतःहून ५.१ करत नाही, ते हाताने निवडावं लागतं. निम्म्या घरांत काम इथेच अडलेलं असतं. ५.१ निवडलं की खोलीचं चित्र येतं. त्यातल्या एकेका स्पीकरवर क्लिक करा आणि उठून त्या स्पीकरजवळ जाऊन ऐका. खुर्चीत बसून ‘हो, मागून आला’ असं म्हणू नका. डावा-उजवा उलटा लागलेला खुर्चीतून बऱ्याचदा कळत नाही.

पुढच्या पानावर ‘फुल रेंज स्पीकर’ विचारेल, तिथे दोन्ही खुणा करा. बास कुठे पाठवायचा हे काम रिसीव्हरला करू द्या. विंडोज आणि रिसीव्हर दोघांनी बास छाटला तर मधलाच एक तुकडा गायब होतो. स्पेशिअल साउंड बंद ठेवा; हेडफोनसाठीचं विंडोज सॉनिक स्पीकरवर चालू राहिलं तर दिशा सगळ्या विस्कटतात. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण बरेच गेम सुरू होतानाच स्पीकर मोजतात. गेमच्या आत आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोन असेल तर होम थिएटर किंवा सराउंड करा.

रिसीव्हरच्या पाटीवर आता डॉल्बीचा दिवा लागणार नाही. तिथे ‘मल्टी सीएच’ किंवा ‘पीसीएम’ असं काहीतरी येईल. हे बघून घाबरून फोन करणारे पुष्कळ आहेत. दिवा लागत नाही कारण रिसीव्हरला गाठोडं उघडावं लागलेलंच नाही, सहा चॅनेल मोकळे आले आहेत. गेमसाठी याहून चांगली स्थिती नाही.

या पद्धतीत एक कटकट आहे ती सांगून ठेवतो. विंडोज रिसीव्हरला दुसरा मॉनिटर समजते. मग माउस उजवीकडे नेला की तो नसलेल्या पडद्यावर निघून जातो, एखादी खिडकी तिथे उघडते आणि सापडत नाही. डिस्प्ले डुप्लिकेट केलं तर रिसीव्हरच्या मर्यादेमुळे मुख्य मॉनिटरचे १४४ हर्ट्झ जाऊ शकतात. म्हणून एक्स्टेंडच ठेवा. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या दुसऱ्या पडद्याचा चौकोन ओढून पहिल्याच्या कोपऱ्याला तिरका चिकटवा, फक्त टोकाला टोक लागेल असा. माउसला जायला तेवढी एकच फट उरते आणि तो चुकूनही तिकडे जात नाही. रिसीव्हर बंद केला की आवाज मॉनिटरकडे किंवा मदरबोर्डकडे वळतो. तेव्हा क्रम पाळा: आधी रिसीव्हर, मग गेम.

पिक्चरच्या बाबतीत लोक बिटस्ट्रीमचा आग्रह धरतात, म्हणजे प्लेअरने गाठोडं न उघडता रिसीव्हरकडे द्यावं असा. व्हीएलसीमध्ये ऑडिओ पासथ्रू म्हणून तो पर्याय आहे. ब्लू-रेवरचा अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज, रिसीव्हरने उघडावा असं वाटत असेल आणि रिसीव्हर तसा असेल, तर तो हवाच. साध्या ५.१ ला मी कच्चे चॅनेलच देतो. पासथ्रूमध्ये विंडोजची आवाजाची पट्टी कितीही सरकवा, काही होत नाही, आणि दुसऱ्या कार्यक्रमाचा आवाज मध्ये येऊ शकत नाही. घरच्यांना वाटतं संगणक बिघडला.

अनेक जण संगणक एचडीएमआयने टीव्हीला जोडतात आणि टीव्हीतून ऑप्टिकल काढून रिसीव्हरला देतात. दिसायला सुटसुटीत, पण यात टीव्ही मध्ये बसलेला असतो. संगणकाने विचारलं की तो ‘मी दोन स्पीकरचा’ असं सांगतो आणि विंडोजमध्ये ५.१ चा पर्यायच उमटत नाही. टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलवरूनच उलट रिसीव्हरकडे पाठवायची सोय म्हणजे एआरसी; साध्या एआरसीलाही ऑप्टिकलसारखीच मर्यादा आहे. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर तिची सुधारलेली आवृत्ती ईएआरसी असेल तरच सहा चॅनेल कच्चे पलीकडे जाण्याची वाट असते. शक्य असेल तर संगणक आणि रिसीव्हर यांच्यात तिसरं कुणी घालू नका.

आता ज्यांच्याकडे रिसीव्हर नाही, बाजारात मिळणारी ५.१ ची पेटी आहे, त्यांच्यासाठी. आपल्याकडे अशा पेट्याच जास्त घरांत आहेत. सोबत येणारी केबल एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी आरसीए अशी असते. ती हिरव्या जॅकला लावली की पाचही स्पीकर वाजतात आणि सगळे खूश होतात. पण तो दोन चॅनेलचाच आवाज पाचांना वाटलेला असतो. पाच स्पीकर वाजले म्हणजे ५.१ झालं असं नाही. पेटीच्या मागे बघा. एफएल, एफआर, एसएल, एसआर, सेन, एसडब्ल्यू (पुढचे डावा-उजवा, मागचे डावा-उजवा, मधला, सबवूफर) अशी सहा आरसीए भोकं असतील तर तुमचं नशीब चांगलं. तशाच तीन केबल आणा आणि पेटीवर ‘ऑक्स’ऐवजी ‘डीव्हीडी’ किंवा ‘५.१’ इनपुट निवडा.

मदरबोर्डच्या बाजूला रंग ठरलेले आहेत. हिरवा पुढच्या दोघांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी मधल्या स्पीकरचा आणि सबवूफरचा. राखाडी असला तर तो ७.१ साठी, आपल्याला नको. मागे फक्त तीनच जॅक असतील, हिरवा, निळा आणि गुलाबी, तरी निराश होऊ नका. रिअलटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ निवडलं की बहुतेक बोर्डांवर निळा मागच्या स्पीकरचा आणि गुलाबी मधल्या-सबवूफरचा होतो. पिन घातल्यावर ते विचारतं की काय जोडलंय, तेव्हा नीट वाचून उत्तर द्या. माइक मग पुढच्या पॅनेलवर लावायचा.

नारिंगी केबलमध्ये एक गंमत असते आणि ती ओळखता आली पाहिजे. एकाच पिनमधून मधला स्पीकर आणि सबवूफर असे दोघे जातात, पिनेच्या टोकावर एक आणि मधल्या कड्यावर दुसरा. कुणाचं कुठे यात पेटीवाले एकमत नाहीत. उलटं झालं की संवाद टेबलाखालच्या सबवूफरमधून घोगरे, गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखे येतात, आणि मधला छोटा स्पीकर नुसता थरथरतो. असं ऐकू आलं तर पेटी दुरुस्तीला नेऊ नका. मागच्या त्या दोन आरसीए पिनांची अदलाबदल करा.

या तारांच्या जोडणीत घरघर हा मोठा त्रास. संगणक एका प्लगवर, पेटी दुसऱ्या भिंतीवर, त्यात डिशची किंवा केबलची तार टीव्हीतून आलेली. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की मधल्या केबलच्या जाळीतून थोडी वीज वाहते आणि ५० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये येते. पहिलं काम म्हणजे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डिशची तार काढून बघा. त्यानेही गेली नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी पुण्यात पसोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, ती मध्ये लावा. सबवूफरच्या तारेत ती लावल्यावर स्वस्त डबीने खालचा बास थोडा खाल्लेला जाणवतो, एवढं लक्षात ठेवा. ऑप्टिकलमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण दोन यंत्रांमध्ये धातूचा धागाच नसतो. तिचा हा खरा गुण.

अर्थिंगची जाड पिन कापणं हा उपाय नव्हे, आणि हे मी हात जोडून सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या वाड्यात गेलो होतो. घरघर जावी म्हणून कुणीतरी संगणकाची तिसरी पिन काढून टाकली होती. घरघर कमी झाली होती, पण कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत होत्या. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे कॅबिनेटवर घरच्या विजेच्या जवळपास निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण आत कधी मोठा बिघाड झाला तर तो जायला दुसरी वाट उरत नाही, तुमचा हात सोडून. अशा स्थितीत चालू यंत्रांमध्ये आरसीए घातली-काढली तर इनपुट जळूही शकतं. तुम्हालाही कॅबिनेटला मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, सराउंड नंतर. आणि पिना नेहमी दोन्ही यंत्रं बंद करून लावा.

सहा चॅनेल पोचले की रिसीव्हरचं सेटिंग. टेबलावर बसून ऐकताना पुढचे स्पीकर अडीच-तीन फुटांवर आणि मागचे सहा फुटांवर असतात. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची जागा असते. टेप घेऊन कानापासून मोजा आणि खरं अंतर भरा, म्हणजे रिसीव्हर जवळच्यांना तेवढं थांबवतो. छोट्या स्पीकरना ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवा. अगदीच मुठीएवढे असतील तर १२० ला. मग टेस्ट टोन लावून सगळे सारख्या जोराने ऐकू येतील असं प्रत्येकाचं लेव्हल लावा. मागचे मुद्दाम मोठे ठेवायचा मोह होतो. दोन दिवस बरं वाटतं, नंतर डोकं दुखतं.

गाणी आणि यूट्यूब यांचा आवाज बहुतेक वेळा दोन चॅनेलचाच असतो, तेव्हा तिथे मागचे गप्प राहिले तर तो दोष नव्हे. रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक २ लावून ते पसरवता येतं. क्रिकेटच्या सामन्याला मला ते आवडतं, प्रेक्षकांचा गजर चारी बाजूंनी येतो. गाण्याला मात्र मी ते नेहमी काढतो. जुन्या नाट्यपदातला ऑर्गन पाठीमागून यायला लागला की गायक नक्की कुठे बसलाय तेच कळेनासं होतं.

स्पीकर कुठे ठेवायचे? मधला मॉनिटरच्या खाली किंवा वर, अगदी समोर. पुढचे दोन नाकाच्या रेषेपासून ३० अंश डावी-उजवीकडे. मागचे लोक थेट पाठीमागच्या भिंतीवर ठोकतात, पण ५.१ मध्ये त्यांची जागा कानाच्या जरा मागे, बाजूला, ११० अंशांच्या आसपास असते. दहा बाय बाराच्या खोलीत तिथे बहुधा कपाट किंवा खिडकी येते. मग तिपाईवर किंवा भिंतीच्या ब्रॅकेटवर, कानापेक्षा हात-दीड हात वर आणि तोंड तुमच्याकडे, असं चालेल. दारामागे एक आणि मोकळ्यावर एक असं मात्र करू नका, दार उघडं-बंद झालं की तोल बदलतो.

तारा ओढताना त्यांची पट्टीची बाजू बघा. पारदर्शक जोडतारेत एका तारेवर रेघ असते किंवा एक तार तांबूस, एक पांढरी असते. रेघ सगळीकडे लालला, असं एकदा ठरवा आणि सहाही टोकांना तेच पाळा. एखाद्या स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं तर तो वाजतो, टेस्टमध्येही येतो, पण पुढच्या दोघांपैकी असेल तर मध्ये उभं राहणारं गाणं पोकळ होतं आणि बास नाहीसा होतो. ओळखायची सोपी युक्ती: रिसीव्हर स्टीरिओवर घेऊन, सबवूफर बंद करून, दोघांना समोरासमोर वीतभर अंतरावर धरा आणि बासवालं काहीतरी लावा. मग बंद करून एका स्पीकरच्या तारा उलट करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरदार येतो, ती बरोबर.